कष्ट आपले, वाटा सगळ्यांचा

१२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स या बंदरात, टेरी फॉक्स नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि तो पश्चिमेकडे धावू लागला. तीन वर्षांपूर्वी हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला होता. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं आणि वाटेत कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे, असा त्याचा बेत होता. बरोबर एक मित्र होता. गाडी फोर्ड कंपनीची, इंधन इम्पीरियल ऑइलचं, बूट आदिदासचे. मात्र ‘आमच्या मालाची जाहिरात कर’ म्हणणाऱ्या कंपन्यांना त्याने परत पाठवलं. आपल्या धावण्यावर कोणी नफा कमवायचा नाही, ही त्याची अट होती.

पहिले काही आठवडे वारा, पाऊस आणि बर्फात गेले. तो रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावत होता, पण लोकांचं फारसं लक्ष नव्हतं. मग पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने त्याच्या हाती दहा हजार डॉलर ठेवले. माणशी एक डॉलर! पुढे टेरीने हाच हिशेब साऱ्या देशाला लावला: प्रत्येक कॅनेडियन माणसाने एक डॉलर द्यावा. फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये मात्र त्याला फ्रेंच येत नसल्यामुळे झोळी जवळपास रिकामी राहिली. मॉन्ट्रियलला पोहोचला तेव्हा एक तृतीयांश वाट संपली होती आणि जमले होते सुमारे दोन लाख डॉलर. तिथे ‘फोर सीझन्स’ हॉटेलांचे संस्थापक इसाडोर शार्प पुढे आले. त्यांचा मुलगा कर्करोगाने गेला होता. टेरीच्या प्रत्येक मैलामागे दोन डॉलर देण्याचं त्यांनी जाहीर केलं आणि आणखी ९९९ कंपन्यांनी तसंच करावं असं आवाहन केलं.

१ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ टेरी थांबला. कर्करोग फुप्फुसात पोहोचला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला होता. त्यानंतर दूरचित्रवाणीवरच्या एका खास कार्यक्रमातून एक कोटी पाच लाख डॉलर जमले. फेब्रुवारी १९८१मध्ये एकूण निधी दोन कोटी एक्केचाळीस लाखांवर गेला. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा जवळपास तेवढीच होती. जूनमध्ये टेरी वारला आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाची पहिली दौड झाली. ती आजही दरवर्षी होते.

ही कहाणी धैर्याची आहेच. या प्रकरणापुरतं मात्र तिच्यातल्या पैशाकडे पाहू. धावत होता एकटा टेरी, पण एक डॉलर देणारा शाळकरी मुलगा आणि मैलामागे दोन डॉलर देणारा उद्योजक या दोघांनाही त्या धावण्यात आपापला मोजता येण्याजोगा वाटा मिळाला. एखाद्या चांगल्या कामासाठी खडतर प्रवास करून निधी उभा करायचा असेल, तर सारी कल्पकता इथेच लावावी लागते. कष्ट आपण करायचे आणि त्यांत इतरांना शिरायला जागा ठेवायची.

जुनी वाट, नवी पावलं

मदतीसाठी चालण्याचा प्रघात टेरीच्या आधीचा आहे. १९५३मध्ये पोर्तो रिकोतला लोकप्रिय विनोदी नट रामोन रिव्हेरो कर्करोगग्रस्तांच्या मदतीसाठी सान हुआन ते पोन्से असा ऐंशी मैल चालत गेला. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांनी चौघाचौघांच्या तुकड्या करून शंभर किलोमीटरचा डोंगरी सराव सुरू केला. त्यातून ‘ट्रेलवॉकर’ ही निधी उभारणारी पदयात्रा निघाली आणि अनेक देशांत पसरली. त्याच वर्षी लंडन मॅरेथॉन सुरू झाली. तिथे स्वयंसेवी संस्था आयोजकांकडून काही जागा विकत घेतात आणि ठरावीक रक्कम जमवून देण्याची हमी देणाऱ्या धावपटूंना त्या देतात. या एका शर्यतीने आजवर शंभर कोटी पौंडांहून अधिक निधी उभा केला आहे. मुंबई मॅरेथॉन २००४पासून जानेवारीत होते. ‘युनायटेड वे मुंबई’च्या माध्यमातून तिच्यातले हजारो लोक आपल्या आवडीच्या संस्थेसाठी पैसे जमवतात. पूर्ण अंतर न झेपणाऱ्यांसाठी तिथे ५.९ किलोमीटरची ‘ड्रीम रन’ आहे.

महाराष्ट्राला यातली कोणतीच गोष्ट अगदी परकी वाटू नये. अंताजी दामोदर काळे यांच्या ‘पैसा फंडा’त माणशी एक पैसा मागितला जाई. त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामाला घराघरांतल्या मूठ-मूठ धान्याचा आधार होता. महर्षी कर्वे तर सत्तरी उलटल्यावर, १९२९मध्ये, महिला विद्यापीठाच्या कामासाठी परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका असं फिरत त्यांनी देणग्या गोळा केल्या. नोव्हेंबर १९३३मध्ये वर्ध्याहून निघालेल्या गांधीजींच्या हरिजन दौऱ्यात तर कल्पकतेची कमाल होती. स्वाक्षरीला पाच रुपये लागत. कोणी मानपत्र किंवा भेटवस्तू दिली, तर तिथल्या तिथे तिचा लिलाव होई. बायकांकडे अंगावरचे दागिने मागायलाही गांधीजी संकोचत नसत. सुमारे साडेबारा हजार मैलांच्या त्या दौऱ्यात आठ लाख रुपये जमले.

आधी स्वतःच्या खिशात हात

आता समजा, तुम्हाला एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंतचा ट्रेक करायचा आहे आणि त्या निमित्ताने गावाकडच्या एखाद्या वसतिगृहासाठी एक लाख रुपये जमवायचे आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: ‘म्हणजे याच्या नेपाळवारीचे पैसे मी द्यायचे?’ तो तोंडावर विचारणार नाही, पण मनात तोच असतो.

ब्रिटनमध्ये अशा सहलींचे दोन प्रकार रूढ आहेत. एकात प्रवासी आपला सगळा खर्च स्वतः करतो आणि जमलेला पैसा पूर्णपणे संस्थेला जातो. दुसऱ्यात प्रवासी किमान ठरावीक रक्कम जमवतो आणि तिच्यातूनच सहलीचा खर्च वजा होतो. दुसरा प्रकार बेकायदा नाही, पण त्यावर टीका होत आली आहे. किलिमांजारो पर्वत चढण्याचा खर्च मित्रांच्या देणगीतून निघाला, तर तिला देणगी म्हणायचं की आहेर? आपल्याकडे तर हा संशय लवकर येतो. म्हणून पहिला प्रकार निवडावा आणि तो निवडला आहे हे मागणीच्या पहिल्याच वाक्यात सांगावं: ‘विमान, गाइड, बूट, सगळा खर्च माझा. तुम्ही दिलेला रुपया न् रुपया वसतिगृहाला.’ एवढ्याने निम्मं अवघडलेपण जातं.

स्वतःचा खर्च भागवण्यासाठी वेगळी कमाई करायची असेल, तर तीही वेगळीच ठेवावी. तुम्ही शिकवण्या घेता, दिवाळीत आकाशकंदील करून विकता, जुना कॅमेरा विकून टाकता. ते उघडपणे तुमचे पैसे आहेत आणि ट्रेकवर खर्च होणार आहेत. वसतिगृहाच्या नावाने विकलेल्या आकाशकंदिलाचा पैसा मात्र वसतिगृहालाच गेला पाहिजे.

लोक का देतात?

या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. ख्रिस्तोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर यांनी २०१३ साली दाखवलं की, देणगीच्या वाटेत कष्ट आणि त्रास असेल, तर माणसं जास्त द्यायला तयार होतात. आरामात जेवण करून मदत करण्यापेक्षा धावून मदत करण्यात त्यांना जास्त अर्थ वाटतो. तुमच्या ट्रेकचं मोल इथे आहे. मात्र तो कष्टाचा दिसला पाहिजे. फक्त निसर्गसुंदर फोटो टाकलेत, तर लोक ‘मजा कर’ म्हणतील आणि पुढे सरकतील. पहाटे पाच वाजता पाठीवर दहा किलोचं ओझं घेऊन सिंहगड चढतानाचा घामेजलेला फोटो जास्त कामाचा.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या रकमेची. जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली यांनी फ्लोरिडातल्या एका विद्यापीठासाठी निधी मागणारी पत्रं पाठवून प्रयोग केला. ‘उद्दिष्टाचे १० टक्के आधीच जमले आहेत’ असं एका गटाला कळवलं आणि ‘६७ टक्के जमले आहेत’ असं दुसऱ्याला. दुसऱ्या गटाकडून जवळपास सहापट रक्कम आली. रिकाम्या थाळीत पहिलं नाणं टाकायला कोणी धजत नाही. म्हणून जाहीर आवाहन करण्याआधी घरचे, जवळचे मित्र, जुने वरिष्ठ अशा आठ-दहा जणांकडून खासगीत निदान तीसएक टक्के रक्कम घ्यावी आणि मगच ते सगळ्यांसमोर मांडावं.

तिसरी गोष्ट रांगेत पुढे कोण उभं आहे त्याची. लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंच्या ऑनलाइन देणगीपानांवरून सारा स्मिथ आणि सहकाऱ्यांनी शोधून काढलं की, आधीच्या देणग्यांची सरासरी दहा पौंडांनी वाढली, तर पुढची देणगी सरासरी साडेतीन पौंडांनी वाढते. म्हणजे पहिल्या पाच जणांनी मोठ्या रकमा दिल्या, तर सहावाही बहुधा थोडं जास्त देईल. सुरुवात मोठ्या मनाच्या मावशीपासून करावी, हा याचा सरळ अर्थ.

चौथी गोष्ट जोडदेणगीची. एखाद्या दुकानदाराने किंवा तुमच्या कंपनीने ‘लोक जेवढे देतील तेवढेच मी घालीन’ असं म्हटलं, तर देणाऱ्यांची संख्या वाढते, हे डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांच्या २००७च्या अभ्यासात दिसलं. गंमत अशी की, एकास तीन घालण्याचं वचन दिलं, तरी एकास एकपेक्षा फार फरक पडला नाही. म्हणून मोठ्या देणगीदाराकडून दुप्पट-तिप्पट घालण्याचं वचन काढायचा आग्रह धरू नये. त्याचे पैसे एकास एक या हिशेबाने जास्त दिवस पुरवावेत.

वाटे पाडण्याच्या युक्त्या

*अंतर विका.* लुक्ला ते एव्हरेस्टचा पायथा आणि परत, ही चाल सुमारे १३० किलोमीटरची आहे. किलोमीटरला ५०० रुपये लावले, तर ६५,००० होतात. एका तक्त्यावर १३० चौकोन आखा. जो किलोमीटर घेईल त्याचं नाव त्यात लिहा. कोणाला वाटेतल्या नामचे बाजारची चढण हवी असेल, कोणाला शेवटचा किलोमीटर. शेवटच्या किलोमीटरला जास्त भाव आला, तर तो घ्यावा! ट्रेकमध्ये त्या-त्या दिवशी त्या-त्या माणसांना फोटो किंवा दोन ओळी पाठवाव्यात. अनेकांना आपला किलोमीटर कै. आईच्या किंवा वडिलांच्या नावाने हवा असतो. आपल्याकडे स्मरणार्थ देण्याची पद्धत मुरलेली आहे, तिला इथे मान आहे.

*उंची घरीच चढा.* एव्हरेस्टचा पायथा ५,३६४ मीटरवर आहे. आतकरवाडीतून सिंहगड चढताना सुमारे ६०० मीटर उंची मिळते. म्हणजे नऊ वेळा गड चढला की तेवढी चढाई झाली. एकच चढ पुन्हा पुन्हा चढून एव्हरेस्टएवढी उंची गाठण्याची ‘एव्हरेस्टिंग’ ही कल्पना सायकलस्वारांमध्ये २०१४पासून चांगली रुजली आहे. हीच गोष्ट सोसायटीत करता येते. बारा मजल्यांची इमारत साधारण ३६ मीटर उंच. तिचे जिने १४९ वेळा चढले की ५,३६४ मीटर पुरे. पन्नास कुटुंबांनी तीन-तीन वेळा जिना चढला, प्रत्येक फेरीला शंभर रुपये डब्यात टाकले आणि लिफ्टला एक दिवस सुट्टी दिली, तर पंधरा हजार रुपये जमतात. आजोबा दोनच मजले चढतील आणि उरलेले दहा नातवाला विकतील. त्याच्या गप्पा महिनाभर चालतील.

*सणाला खर्च होणारा पैसा वळवा.* संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होतं आणि प्लॅस्टिकचे डबे, वाट्या वाण म्हणून लुटल्या जातात. पाच-सहा मैत्रिणींनी ठरवलं की यंदा वाणाचे पैसे वसतिगृहाला आणि वाण म्हणून एका मुलीच्या वर्षाच्या वह्यांची चिठ्ठी, तर नाराज कोणीच होत नाही. वाढदिवसाचंही तसंच: ‘भेटवस्तू नको, माझ्या ट्रेकचा एक किलोमीटर घ्या.’ गणपतीत उकडीचे मोदक आणि दिवाळीत चकली-अनारसे यांना हमखास मागणी असते. फक्त आगाऊ नोंदणी घ्या आणि नारळ, तांदळाची पिठी, तूप, गॅस हे सगळं वजा जाता किती उरतं ते आधी मांडा. पुष्कळदा दोन दिवस राबून हाती पडलेली रक्कम एका फोनवर मिळाली असती, असं लक्षात येतं. तरीही मोदक करावेत, कारण मोदक घेणाऱ्या चाळीस घरांपर्यंत तुमची गोष्ट पोहोचते आणि त्यातली काही घरं पुढे किलोमीटरही घेतात.

*हातातलं कसब वापरा.* कोणी वाद्य वाजवतं, कोणाला जुन्या पेठांची बारीक माहिती असते, कोणी उत्तम फोटो काढतं. दिवाणखान्यात तीस माणसांची मैफल, रविवारी सकाळी पेठांमधून दोन तासांची पायी फेरी, पाडव्याला कुटुंबाचा एकत्र फोटो, असं काहीही चालतं. यात वस्तू विकत आणावी लागत नाही, त्यामुळे आलेला जवळपास सगळा पैसा निधीत जातो. चार मित्रांची कसबं एकत्र करून त्यांचा लिलाव केला, तर आणखी मजा. एका काकूंच्या हातची दहा माणसांची पुरणपोळी, कोणाचे दोन तास बागकाम, कोणाचं वर्षाचं प्राप्तिकर विवरणपत्र. गांधीजींनी मानपत्रांचा लिलाव केला, आपण पुरणपोळीचा करू.

*नाटकाचा प्रयोग घ्या.* ओळखीपाळखी मोठ्या असतील आणि नीट विक्री करणारी पाच माणसं बरोबर असतील, तर हा जुना मराठी मार्ग अजूनही चालतो. नाट्यसंस्थेला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घ्यायचा आणि देणगीमूल्याची तिकिटं आपण विकायची. यात जोखीम आहे. तिकिटं खपली नाहीत, तर तोटा तुमचा. म्हणून पुढच्या रांगांचे देणगीदार पक्के झाल्याशिवाय प्रयोगाची तारीख घेऊ नये.

*थोडा विक्षिप्तपणा चालतो.* लॉइड स्कॉट नावाच्या गृहस्थांनी २००२ची लंडन मॅरेथॉन पाणबुड्याच्या सुमारे ५९ किलोंच्या जुन्या पोशाखात पूर्ण केली. त्यांना पाच दिवसांहून अधिक वेळ लागला, पण साऱ्या जगाने त्यांना पाहिलं. मेलबर्नमध्ये २००३ साली काही मित्रांनी नोव्हेंबरभर मिशा वाढवायचं ठरवलं आणि त्यातून पुरुषांच्या आरोग्यासाठीची ‘मोव्हेंबर’ चळवळ निघाली. २०१४मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतण्याच्या आव्हानातून एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. त्याच वर्षी हैदराबादच्या मंजुलता कलानिधी यांनी पाणी वाया घालवण्याऐवजी गरजूला बादलीभर तांदूळ द्यायची टूम काढली. ती इथल्या मातीला जास्त शोभली. तुमच्या मंडळींना काय पाहायला आवडेल, ते तुम्हालाच माहीत. दिवसातून सहा कप चहा पिणाऱ्या माणसाने महिनाभर चहा सोडायची पैज लावली, तर अख्खं कार्यालय त्यावर पैसे लावील.

एक युक्ती मात्र टाळावी. परदेशात अशा कामासाठी तिकिटं विकून सोडत काढण्याची पद्धत सर्रास आहे. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय पैसे घेऊन लॉटरी काढणं कायद्यात बसत नाही. हौसेने काढलेला ‘लकी ड्रॉ’ अंगाशी येऊ शकतो.

मागायचं कसं?

एवढ्या युक्त्या करूनही बहुतेक पैसा साध्या मागण्यातूनच येतो आणि मराठी माणसाचं घोडं नेमकं तिथे अडतं. संकोच टाळण्यासाठी आपण दीडशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश टाकतो आणि वाट पाहतो. चार अंगठे आणि दोन हात जोडलेले येतात. पैसे येत नाहीत, कारण सगळ्यांना उद्देशून केलेली विनंती कोणालाच उद्देशून नसते.

त्यापेक्षा यादी करावी. एक लाखाचं उद्दिष्ट असेल, तर ते असं फोडता येतं: पाच जणांकडून पाच-पाच हजार, वीस जणांकडून दोन-दोन हजार, पन्नास जणांकडून पाचशे-पाचशे, आणि उरलेले दहा हजार मोदक, जिने आणि लिलावातून. आता प्रत्येक रकमेसमोर नावं लिहा. पाच हजारवाल्यांना भेटायला जा, दोन हजारवाल्यांना फोन करा, पाचशेवाल्यांना नावानिशी वेगवेगळे संदेश लिहा. रक्कम मोकळेपणाने सांगा. ‘जमेल ते द्या’ म्हटलं की समोरचा गोंधळतो. ‘दोन हजारांत एका मुलाच्या वह्या-पुस्तकांची सोय होते, तुम्ही एकाची कराल का?’ असं विचारलं की त्याला हो किंवा नाही म्हणता येतं. अर्थात तो आकडा संस्थेला विचारून घेतलेला, खरा असायला हवा. नाही म्हणणाऱ्याचा राग धरू नये. त्याच्याकडे वर्षभरात आणखी दहा जण येऊन गेलेले असतात.

मागण्याचे दिवसही पाहावेत. पगाराच्या आठवड्यात हात मोकळा असतो. गणपती-नवरात्राच्या वर्गणीच्या दिवसांत तो आधीच आखडलेला असतो. मार्च अखेरीला करसवलतीचा विचार करणारे देणगीदार भेटतात. ट्रेकला निघण्यापूर्वीचा आठवडा, प्रत्यक्ष चालतानाचे दिवस आणि परतल्यानंतरचा आठवडा, या तीन वेळी लोकांचं लक्ष तुमच्याकडे सर्वांत जास्त असतं. थांबलेल्या लोकांना पुन्हा एकदा आठवण करून द्यायची ती तेव्हाच.

पावती आणि कायदा

पैसा तुमच्या खात्यात घेऊ नका. सोयीचं वाटलं तरीही नाही. संस्थेच्या खात्यात थेट किंवा तिच्या नावाने उघडलेल्या ऑनलाइन पानावर तो जावा. एक कारण विश्वासाचं आहे. दुसरं व्यवहाराचं: तुम्ही गोळा करून एकरकमी भरलेत, तर पावती तुमच्या नावाने निघते आणि देणाऱ्यांना करसवलत मिळत नाही. ‘८०जी’ नावाने ओळखली जाणारी ही सवलत संस्थेची नोंदणी असेल तरच मिळते, नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ती नाही, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली, तर त्या रकमेवरही ती मिळत नाही. मोदक किंवा नाटकाचं तिकीट विकत घेणं ही खरेदी झाली. तिला देणगीची पावती देऊ नये. ऑनलाइन व्यासपीठ आपलं शुल्क किती कापतं, तेही आधी पाहावं आणि सांगावं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध येतो. गणेश मंडळं विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ‘४१ क’ कलमाखाली परवानगी काढतात ती यासाठीच. म्हणून डबा घेऊन चौकात उभं राहण्याआधी ज्या संस्थेसाठी काम करता तिच्याकडून लेखी अधिकारपत्र घ्या आणि परवानगीचं त्यांनाच विचारा.

परदेशातल्या नातेवाइकांचा प्रश्न हमखास येतो. न्यू जर्सीतला मावसभाऊ भारतीय पारपत्रावर असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती परकीय देणगी ठरते आणि परकीय देणग्यांच्या ‘एफसीआरए’ कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच ती तिच्या ठरलेल्या खात्यात घेऊ शकते. पैसे पाठवून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

परतल्यावर

एप्रिल २०२०मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, इंग्लंडमधल्या नव्व्याण्णव वर्षांच्या कॅप्टन टॉम मूर यांनी वॉकर धरून आपल्या पंचवीस मीटरच्या अंगणात शंभर फेऱ्या मारायचं ठरवलं. उद्दिष्ट होतं आरोग्यसेवेच्या मदतीसाठी हजार पौंडांचं. ३० एप्रिलला त्यांना शंभर वर्षं पूर्ण होईपर्यंत तीन कोटी वीस लाखांहून अधिक पौंड जमले होते. आव्हानाला उंच डोंगर लागत नाही, याचा याहून मोठा दाखला नाही. पण पुढे त्यांच्या नावाने निघालेल्या वेगळ्या प्रतिष्ठानाची ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि २०२४च्या अहवालात कुटुंबीयांना खासगी लाभ झाल्याचा ठपका ठेवला. मूळचा फेऱ्यांचा निधी स्वच्छ होता आणि तो थेट आरोग्यसेवेच्या संस्थांना गेला होता. तरीही वर्तमानपत्रांत दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्याच.

म्हणून परतल्यावर पंधरा दिवसांत प्रत्येक देणगीदाराला एका पानाचा हिशेब पाठवावा: किती जमले, कोणत्या मार्गाने किती, शुल्क किती कापलं गेलं, संस्थेला किती पोहोचले आणि तिने त्याचं काय केलं किंवा काय करणार आहे. खाली तुमचा स्वतःचा ट्रेकचा खर्चही लिहावा, म्हणजे पहिल्या दिवसाचा तो न विचारलेला प्रश्न कायमचा मिटतो. उद्दिष्ट गाठलं नसेल, तर तेही लिहावं. एक लाखाऐवजी बहात्तर हजार जमले, तरी बहात्तर हजारांची पुस्तकं येतातच. पाचशे रुपये देणाऱ्यालाही हा कागद त्याच तत्परतेने गेला पाहिजे. पुढच्या वर्षी हीच माणसं तुम्हाला विचारतील, ‘यंदा कुठे निघालात?’ आणि तेव्हा निधी उभा करण्याचं निम्मं काम आधीच झालेलं असेल.